वेस्ट्रीचं बंद दार

बेळगाव तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीनं पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, मंगळवारी मला बोलावलं. कारण सांगितलं, ‘स्टाफमध्ये भाषेवरून वाद झालाय.’ स्टाफ सहा जणांचा : पाळक, कन्नड उपासना बघणारे सहायक पाळक, बायकांना बायबल शिकवणारी बायबलबाई, ऑफिसचा क्लार्क, की-बोर्ड वाजवणारा तरुण आणि देखभाल करणारे अण्णा. साडेआठला मराठी उपासना, साडेदहाला कन्नड. झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) कन्नड क्वायरला, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटाला, झगे मिळाले नाहीत, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत ‘आम्हाला आतच घेत नाहीत’ असं बोलणं सुरू झालं. आपल्या सीमाभागात एकदा भाषेचं नाव निघालं की दुसरं कारण शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

प्रत्येकाला कोरा कागद दिला. शनिवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत किती वाजता काय केलं, एवढंच लिहायचं; कोण कसं वागलं ते लिहायचं नाही. सहाही कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले आणि भांडणाचं मूळ दिसलं. अर्पणाची, म्हणजे उपासनेत जमलेल्या दानाची, मोजणी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीत होते. नात्यात नसलेले दोघं मोजतात, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होईपर्यंत दार बंद. नियम चांगला आहे, मोडू नये. पण झग्यांचं कपाटही त्याच वेस्ट्रीत! एरवी दहा-वीसपर्यंत मोजणी आटोपते. त्या दिवशी झावळ्यांच्या मिरवणुकीमुळे उपासना लांबली आणि साडेदहाला दार बंदच होतं. बाहेरून कुणी ठोठावलं, आतून ‘थांबा’ एवढाच आवाज आला. कशासाठी थांबायचं ते कुणी सांगितलं नाही.

कपाट त्याच दुपारी संडे स्कूलच्या खोलीत हलवलं. अर्ध्या तासाचं काम.

अण्णांचा कागद जास्त बोलका होता. शनिवारी त्यांना चौघांनी हुकूम दिले होते : पाळक, कमिटीचे सेक्रेटरी, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि क्लार्क. एकानं खुर्च्या मांडवात लावायला सांगितल्या, दुसऱ्यानं त्याच आत न्यायला. ते म्हणाले, “पास्टर, कुणीतरी एकानं सांगा की मला.” आता काम क्लार्कच्या वहीतूनच जायचं, बदल करायचा तर पाळकांनी आधी क्लार्कला कळवायचं असं ठरलं. चर्चमध्ये सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात जास्त साहेब असतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

तक्रारीची वाटही उलटी होती. की-बोर्डवाल्याचं म्हणणं आधी खजिनदारांच्या घरी गेलं, मग मंडळीच्या ज्येष्ठ पंचांकडे, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर. सहायक पाळकांना सगळ्यात शेवटी कळलं. बायबलमधल्या मत्तय 18:15-17 मधला क्रम सगळ्यांना पाठ : आधी एकट्यानं जाऊन बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. इथे सुरुवातच मंडळीपासून. म्हणून दोन दिवसांत समोरासमोर बोलायचं, ग्रुपवर फक्त वेळापत्रक टाकायचं असं ठरवलं. अपवाद पक्के : पैशाची अफरातफर, बाईमाणसाची किंवा मुलांची सुरक्षितता. तिथे एकट्यानं जाऊन बोलायचं नाही, थेट कमिटीकडे लेखी. स्टाफच्या बैठकीत ‘प्रभू, काही जणांना नम्रता दे’ छापाच्या प्रार्थनाही बंद केल्या. डोळे मिटून मारलेला टोमणा हा टोमणाच!

दुपारी सहायक पाळकांनी स्वतःच बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 6 उघडला. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर तिथेही होती. ते वाटप बघायला जे सात जण निवडले, त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती व्यवस्था. ते मोठ्यानं वाचून झाल्यावर पाळक बराच वेळ गप्प होते. मग गुड फ्रायडेची बारा ते तीनची एकत्र उपासना त्यांनी सहायक पाळकांकडे सोपवली; कार्यक्रमाची यादी बुधवारी रात्रीपर्यंत हवी, ही एकच अट.

हिशोब तिथेच मांडला. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकी पंचवीस मिनिटं : संदेश पंधरा, गीत पाच, प्रार्थना पाच. एकूण 175, वर पाच मिनिटं मोकळी. एका भाषेत संदेश, तर गीत दुसऱ्या भाषेत. चौथ्या उद्गारावर, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ यावर, दोघांनाही बोलायचं होतं. मी निघालो तेव्हा त्यावर घासाघीस चालूच होती, पण निदान दोघं एका टेबलाशी बसून.