गुळाच्या बॉक्सवरचं ‘जॅगरी’

कोल्हापुरी गुळाच्या बॉक्सवर इंग्रजीत ‘जॅगरी’ छापलेलं असतं, पण बोलायची वेळ आली की कुणी ‘जागरी’ म्हणतं, कुणी ‘जॅजरी’. बरोबर उच्चार जॅगरी. ‘बॅट’मधला ॲ, जोर पहिल्याच अक्षरावर, पुढचा ‘ग’ अगदी हलका. ‘जॅगेरी’ असं ‘गे’वर रेलू नये. ‘जॅजरी’ची चूक ‘सर्जरी’च्या सवयीनं होते. तिथे ‘जी’ (g) हे अक्षर एकच आहे. इथे दोन आहेत, आणि दोन जींपुढे ई आली तरी इंग्रजीत बहुधा ‘ग’च राहतो: डॅगर, बिगर. (‘सजेस्ट’ हा अपवाद.) स्पेलिंगही याच ठिकाणी घसरतं. जे, ए, जी, जी, ई, आर, वाय. छपाईला देण्याआधी एकेक अक्षर मोजून घ्या.

शब्द मात्र आपल्याच मुलखातून गेलेला. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, रेव. मल्याळममध्ये तिची ‘चक्करा’ झाली, पोर्तुगीजांनी ‘जागरा’ केली आणि १६व्या शतकाच्या अखेरीस ती इंग्रजीत पोचली. तीच शर्करा फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मग लॅटिन आणि फ्रेंच अशी फिरत ‘शुगर’ झाली. म्हणजे जॅगरी, शुगर आणि आपली साखर एकाच घरच्या. गूळ निराळ्या कुळातला: संस्कृत ‘गुड’, ज्याचा एक अर्थ गोळा. ३० किलोच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, हे नाव किती शोभतं!

इंग्रजी कोशांत जॅगरी म्हटलं की ताडामाडाच्या रसाचा गूळही येतो. त्यामुळे माल परदेशी जाणार असेल तर ‘केन जॅगरी’ असं स्पष्ट लिहावं. या शब्दाचं अनेकवचन करत नाहीत. रवा म्हणजे ‘अ ब्लॉक ऑफ जॅगरी’, खडा म्हणजे ‘अ लंप’.

खरी गफलत काकवीची. बाटलीवर ‘मोलॅसिस’ लिहिलं की इंग्रजी वाचणारा वेगळाच पदार्थ समजतो. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारी कारखान्याची मळी. गुऱ्हाळात काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस गूळ व्हायच्या थोडा आधी उतरवला की काकवी. तिच्यातली साखर कुणी काढलेली नसते. तिच्यासाठी ‘लिक्विड जॅगरी’ लिहा, आणि शेजारी देवनागरीत ‘काकवी’ ठेवाच.