फुलहॅम रोडवरची धूळ

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून बाहेर पडलं की बहुतेक पाहुणे म्युझियमांकडे वळतात. आम्ही उलट्या दिशेला निघालो. "मामा, टायर कंपनीचं जुनं ऑफिस बघायला म्युझियम सोडायचं?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "आधी चाल, मग बोल."

फुलहॅम रोडवरचं मिशलिन हाऊस लांबूनच ओळखू येतं, कारण दर्शनी भागाच्या दोन्ही कोपऱ्यांवर काचेचे घुमट आहेत आणि ते टायरांच्या चवडीसारखे दिसतात. 1911 साली उघडलेली ही इमारत म्हणजे मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीचं तेव्हाचं ब्रिटनमधलं मुख्यालय. आराखडा कंपनीतल्याच फ्रान्स्वा एस्पिनासचा. त्याने इमारतीवर जाहिरात लावली म्हणण्यापेक्षा जाहिरातीलाच छप्पर घातलं म्हणावं.

समोरच्या मोठ्या रंगीत काचेत बिबेन्डम आहे, मिशलिनच्या जाहिरातींतला तोच टायरांच्या वळ्यांचा जाडजूड गडी. हातात प्याला, प्याल्यात खिळे आणि काचा. हे चित्र ओ'गॅलो या व्यंगचित्रकाराच्या 1898 सालच्या पोस्टरवरून आलं. मिशलिनचा टायर रस्त्यातले अडथळे पिऊन टाकतो, असा दावा. आणि वर होरेस या रोमन कवीची ओळ, 'नुंक एस्ट बिबेन्डुम', म्हणजे आता प्यायलाच हवं. टायर विकायला लॅटिन कविता! तेव्हा मोटार घेणारा माणूस कोण असायचा, हे त्या एका ओळीवरून कळतं.

"हा पांढरा का?" भाच्याने विचारलं. कारण त्या काळी टायरच फिकट असत. रबरात काजळी मिसळून ते काळे करायची रीत नंतरची. गडी मात्र पांढराच राहिला.

या काचा मूळच्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने मूळ काचा काढून ठेवल्या आणि त्या पुन्हा सापडल्याच नाहीत. 1985 मध्ये डिझायनर टेरेन्स कॉनरन आणि प्रकाशक पॉल हॅम्लिन यांनी इमारत विकत घेतली, डागडुजी केली, तेव्हा जुन्या चित्रांच्या आधाराने त्या नव्याने घडवल्या.

पण मी आलो होतो ते टाइल्ससाठी. इमारतीवर मोटारी आणि सायकलींच्या शर्यतींची चौतीस चित्रं आहेत, सगळी झिलईच्या टाइल्सवर. मूळ चित्रं एर्नेस्ट मोंतोची. शर्यतींची पोस्टरं काढण्यात त्या वेळी त्याचा हात धरणारं फारसं कोणी नव्हतं. इमारत उघडायच्या आधीच, 1909 मध्ये, तो वारला.

एका चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. आधी गाडी दिसतच नाही, दिसते ती धूळ. पिवळट, फुगलेली, मागचा सगळा रस्ता गिळून टाकणारी. त्या धुळीतून पुढे घुसलेलं नाक, वाकून बसलेला चालक, आणि चाकं? ज्या टायरांची ही जाहिरात, ते इतके लहान की शोधून काढावे लागतात. मोंतो चाकं पुरती गोल काढायचा नाही. ती पुढे कलंडलेली, लांबट काढायचा आणि मागे वेगाच्या रेघा ओढायचा. आज प्रत्येक कॉमिकमध्ये त्या रेघा असतात, म्हणून त्यांचं काही वाटत नाही. पण तेव्हाच्या छायाचित्रात गाडी एकतर उभी असल्यासारखी यायची, नाहीतर पुसट. छातीत धडकी भरवणारी गाडी काढावी ती चित्रकारानेच.

माझं सगळ्यात आवडतं चित्र 1895 च्या पॅरिस–बोर्दो शर्यतीचं. त्यातली 'एक्लेअर' ही मिशलिन बंधूंची स्वतःची गाडी. हवेचे टायर लावून शर्यतीत उतरलेली ती पहिलीच मोटार. पॅरिसहून बोर्दोला जायचं आणि परत यायचं, सुमारे 1,200 किलोमीटर. एमिल लव्हासोरने हे अंतर सर्वांत आधी, 48 तास 48 मिनिटांत कापलं. एक्लेअर मात्र वाटभर पंक्चर काढत बसली आणि शंभर तासांची मुदत उलटल्यावर परतली. म्हणजे टायरवाल्याने आपल्या मुख्यालयाच्या भिंतीवर आपलीच पंक्चर झालेली गाडी मिरवली! मला या निर्लज्जपणाचं फार कौतुक वाटतं. आजच्या जाहिरातीतली गाडी रिकाम्या घाटातून घरंगळत जाते, तिच्यावर धुळीचा कण नसतो, आणि दुसऱ्या दिवशी ती कोणती होती ते आठवत नाही.

भाचा एव्हाना पुढच्या चित्रांकडे निघून गेला होता. मोजत होता. "मामा, मला एकोणतीसच सापडली."

मग आम्ही पुन्हा प्रदक्षिणा घातली. काही चित्रं बाहेरच्या भिंतींवर आहेत, काही पुढच्या दारातून आत, जिथे पूर्वी गाड्यांना टायर बसवून देत. दारातल्या जमिनीवरही मोझेकमध्ये बिबेन्डम प्याला उंचावून आहेच. दुसऱ्या फेरीत तेहतीस भरली. पाऊस सुरू झाला, टाइल्स चकाकू लागल्या आणि त्यांच्यावरची धूळ होती तशीच राहिली. मी फोन काढून एक्लेअरचा फोटो घेतला, तर नेमकी मध्ये बस आली. फोटोत बसचा नुसता लाल फराटा आहे, आणि त्याच्या वर एक्लेअरची चालकाची बाजू तेवढी स्पष्ट.

"चौतिसावं राहिलं," भाचा म्हणाला आणि छत्री उघडून परत कोपऱ्याकडे वळला.