'वाय' दाबायच्या आधी

शनिवार, रात्री

डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर जायचं काम आज एकदाचं मार्गी लागलं. आधी बॅकअप, मग सोर्सेसमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत) 'बुकवर्म' या जुन्या आवृत्तीच्या नावाच्या जागी 'ट्रिक्सी' हे नवं, बाहेरची रिपॉझिटरी (डेबियनचं नसलेलं सॉफ्टवेअरचं कोठार) बंद, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्टचं अपडेट, एकही नवं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) न घेता जेवढं वर सरकेल तेवढं, आणि शेवटी फुल-अपग्रेड.

काय काय काढून टाकणार त्याची यादी स्क्रीनभर आली. त्यात चक्क लिबएसएसएल३, म्हणजे असंख्य प्रोग्रॅम ज्यावर उभे आहेत ती एनक्रिप्शनची लायब्ररी! ते गेल्यावर उरलं काय? पण नव्याने येणाऱ्यांच्या यादीत तेच नावामागे टी६४ लावून हजर होतं. सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या सिस्टिमचा हिशेब १९ जानेवारी २०३८ ला कोलमडणार, म्हणून डेबियनने वेळ ६४ बिटांवर नेली आणि झळ पोचणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं बदलली. माझ्यासारख्या ६४ बिटी मशीनवर वेळ आधीपासूनच ६४ बिटांत आहे, इथे नुसती पाटी नवी. यादीतली बरीचशी भीती अशी नामांतराची निघाली.

खरी गोम काढायच्या यादीत नव्हतीच. लिबॲव्हकोडेक-डेव्ह, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओच्या लायब्ररीचं प्रोग्रॅमरांसाठीचं पॅकेज, जागचं हलत नव्हतं. नवी आवृत्ती नाव घेऊन मागितली तर ॲप्ट म्हणे, तुम्हीच मोडकी पॅकेजेस अडवून धरली आहेत. अडवलेल्या पॅकेजेसची यादी देणारं ॲप्ट-मार्क शोहोल्ड चालवलं तर रिकामं! या संदेशावर माझा जुना राग आहे. गाठ आहे एवढं सांगतो आणि गप्प बसतो.

उत्तर ॲप्ट पॉलिसीत सापडलं; कुठली आवृत्ती कुठून येते ते ही कमांड दाखवते. मशीनवर १०:५.१, डेबियनकडे ७:७.१. कोलनच्या आधीचा आकडा म्हणजे इपॉक, आणि तुलना त्याच्यापासूनच सुरू होते. बाहेरच्या रिपॉझिटरीने तो १० ठेवलेला, त्यामुळे ॲप्टच्या लेखी ५.१ हेच नवं आणि ७.१ जुनं. त्यात लिबॲव्हकोडेक-डेव्हला लिबॲव्हयूटिल-डेव्ह तंतोतंत आपल्याच आवृत्तीचं लागतं. एकाला खाली आणायचं तर सगळं भावंडांसकट आणावं लागतं, आणि ॲप्ट आपणहून कुणालाच खाली आणत नाही.

डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) फोर्स लावून बसवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. पॅकेज बसतं खरं, पण आवृत्त्यांचं ते अर्धवट नातं निस्तरेपर्यंत ॲप्ट दुसरं काहीच बसवू देत नाही. त्यापेक्षा ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये डेबियनच्या पॅकेजेसना १००१ प्राधान्य दिलं. हजार किंवा त्यावर गेलं की ॲप्ट खालची आवृत्तीही घेतं. आधी नुसती रंगीत तालीम, म्हणजे डॅश एस. सगळी भावंडं एकदम ७.१ वर येताना दिसली, मग 'वाय', म्हणजे हो, दाबलं. काम होताच ते प्राधान्य काढलं, नाहीतर पुढे ते भलतंच काहीतरी खाली ओढेल.

नको झालेली पॅकेजेस काढणाऱ्या ऑटोरिमूव्हने जुनं लिबॲव्हकोडेक५९ नेलं. डेबियनबाहेरून आलेली पॅकेजेस शोधली तर प्रिंटरचा ड्रायव्हर अजून शिल्लक आहे. प्रिंट निघतंय तोवर त्याला हात लावणार नाही.