पणजीत बिऱ्हाड करावे की नाही

गेल्या जूनमध्ये आमच्या संपादकांनी मला रात्रपाळीच्या डेस्कची जबाबदारी देऊ केली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पणजी हा एकच विषय होऊन बसला. मराठी दैनिकातील रात्रपाळी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडे सांगावे लागते. सायंकाळी पाचला आत शिरायचे, तालुक्यातालुक्यांतून येणाऱ्या बातम्या दुरुस्त करायच्या, मथळे द्यायचे, पाने लावून घ्यायची आणि शेवटचे पान छपाईला सोडून साडेबाराच्या सुमारास बाहेर पडायचे. साखळीला, म्हणजे आमच्या गावाला, जाणारी शेवटची बस तोवर कधीच निघून गेलेली असते. दिवसपाळीत मी साखळी ते पणजी अशी सतरा वर्षे ये-जा केली आहे. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. बसच्या खिडकीशी जागा मिळाली तर एक पुस्तक आठवड्यात सहज संपते. रात्री मात्र ते अंतर निराळे होते. नवऱ्याने एक वाजता मोटारसायकलवरून मला न्यायला यावे, ही व्यवस्था आम्ही आठवडाभर करून पाहिली आणि माशेल ते आमोणे या टप्प्यात भर पावसात रस्त्यावर बसून राहिलेल्या गुरांनी तिचा निकाल लावला. जबाबदारी नाकारावी किंवा पणजीत बिऱ्हाड करावे, असे दोनच मार्ग उरले.

गोव्याबाहेरच्या वाचकांना पणजी हे मोठे शहर म्हणवून घेण्याजोगे वाटणार नाही. २०११च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. पुण्यामुंबईत एवढी माणसे एखाद्या प्रभागात मावतात. १८४३ साली पोर्तुगीजांनी या गावाला राजधानी केले, तरी त्याचे आकारमान गावाचेच राहिले. पणजीला मोठेपण आले आहे ते पाहुण्यांमुळे. संपूर्ण गोव्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि वर्षाकाठी येणारे पर्यटक तिच्या कित्येक पट असतात. त्यांतले बहुतेक किनाऱ्यावर उतरले तरी एक संध्याकाळ मांडवी नदीवर घालवल्याशिवाय परतत नाहीत. त्यामुळे चाळीस हजारांच्या गावाला रस्ते, पार्किंग, पाणी आणि मासळी या सगळ्याची वाटणी लाखांशी करावी लागते. बिऱ्हाड करायचे ते अशा ठिकाणी, हे डोक्यात ठेवून मी शोधाला लागले.

साखळीतही सारे सुरळीत आहे असा समज करून देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमचे घर विठ्ठलापूरला, वाळवंटी नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलमंदिराजवळच्या घाटावर रात्री सजवलेल्या होड्या पाण्यात सोडतात, तेव्हा माझ्या सासूबाई त्या दिवसापुरत्या वीस वर्षांनी तरुण होतात. मात्र तीच नदी जुलैत फुगली की बाजारातल्या दुकानदारांना झोप नसते. नवऱ्याचे गॅरेज खाणींवरच्या ट्रकांवर चालत असे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्यातल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घरासमोर एक ट्रक बरीच वर्षे गंजत उभा होता. आज त्याच गॅरेजात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या गाड्या दुरुस्तीला येतात आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यांतून निघतो. पर्यटनापासून दूर राहायचे म्हणून साखळीत राहायचे, हा युक्तिवाद मी एकदा जेवताना मांडला, तेव्हा नवऱ्याने काही न बोलता ग्रीसने माखलेले हात दाखवले.

घरे पाहण्याचा अनुभव मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. पहिल्या दलालाने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘‘किती दिवसांसाठी?’’ माणसे किती, नोकरी कुठे, शाकाहारी की मांसाहारी, हे भाडेकरूला नेहमी विचारले जाणारे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत, कारण बहुधा ते विचारण्याची सवयच त्याला उरलेली नव्हती. कांपालच्या बाजूला त्याने दाखवलेल्या इमारतीत बारा सदनिका होत्या आणि त्यांपैकी पाचांच्या दाराशी आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या पेट्या टांगलेल्या होत्या. जिन्यावरून चाकांच्या बॅगा खडखडत वर नेल्या जात होत्या. खाली टपालाच्या पेट्यांवर नावे होती, पण त्या नावांची माणसे कुठे आहेत, हे रखवालदारालाही नक्की सांगता येत नव्हते; कोणी दिल्लीला, कोणी लिस्बनला, असे तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी, सांतिनेजमध्ये, घर खरोखरच चांगले होते. भाडे तीस हजार, वर तीन महिन्यांची अनामत आणि अकरा महिन्यांचा करार. करारात एक कलम असे होते की २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात भाडेकरूने घर मोकळे करून द्यावे. त्या दिवसांचे भाडे अर्थातच घेतले जाणार नाही. मालकाने हे इतक्या सौजन्याने सांगितले की प्रथम मला त्यात काही खटकलेच नाही. नाताळाच्या आठवड्यात त्या घराला रात्रीला आठ हजार मिळतात, म्हणजे चार रात्रींत आमच्या महिन्याचे भाडे वसूल होते. मी त्या गृहस्थांना दोष देत नाही. ते घर माझे असते तर मीही कागदावर हाच गुणाकार केला असता. पण सामान दरवर्षी पंधरा दिवसांसाठी खोक्यांत भरून ठेवायचे, तर ते घर कसले? बारावीची परीक्षा तोंडावर आलेली मुलगी त्या दिवसांत अभ्यास कुठे करणार, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचे उत्तर अर्थातच करारात नव्हते.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे घर पणजीतल्याच मळा या भागात, मारुतीच्या देवळाखालच्या गल्लीत आहे. तिच्या आग्रहावरून मी तिथे दोनदा राहून पाहिले, एकदा ऑगस्टमध्ये दहा दिवस आणि एकदा डिसेंबरअखेरीस आठवडाभर. कोणालाही अशा शहरात राहायला जायचे असेल, तर त्याने निदान या दोन ऋतूंत तिथे राहून पाहावे, कारण पणजी ही दोन शहरे आहेत. ऑगस्टमधली पणजी मला मनापासून आवडली. पावसाने धुतलेल्या भिंती, सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यावर उघडणारी दारे, चहाच्या गाड्यावर त्याच त्याच चार चेहऱ्यांची रोजची वादावादी, मांडवीकाठी भरणाऱ्या अष्टमीच्या फेरीत, म्हणजे जत्रेसारख्या बाजारात, लाकडी पाट आणि लोखंडी तवे घासाघीस करून घेणाऱ्या बायका. हे शहर साखळीपेक्षा फार वेगळे नव्हते. मासेमारीची बंदी नुकतीच उठलेली असल्याने बाजारात ताजी मासळी होती आणि तिचा भाव विचारताना छातीत धडकी भरत नव्हती.

डिसेंबरमध्ये त्याच गल्लीतून बाहेर पडायला मला सायंकाळी वीस मिनिटे लागली. अटल सेतूवरून उतरणाऱ्या गाड्यांची रांग पाटोपर्यंत सरकत नव्हती, नदीत उभ्या असलेल्या सहा कॅसिनो बोटींकडे जाणारी गर्दी बांदोडकर मार्गावर सांडली होती, आणि शेजारच्या फोंतेनियासमध्ये एक आजी स्वतःच्या पायरीवर बसलेल्या असताना त्यांना जरा बाजूला व्हायला सांगून दोन मुली त्यांच्या निळ्या दाराचे छायाचित्र घेत होत्या. आजी उठल्या आणि आत गेल्या. त्या भागात छायाचित्रे काढू नका अशा पाट्या कितीतरी घरांवर आहेत. त्या का लावाव्या लागल्या, याची बातमी मी स्वतः संपादित केली होती. तरी ती पायरी पाहीपर्यंत मला ती पुरती कळली नव्हती.

तरीही पणजीच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. पाटोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ सालची आहे, ते कार्यालयापासून चालत गाठता येते. रात्रपाळीच्या आधीचे दोन तास तिथे काढता येतील, या कल्पनेने मी जवळजवळ होकार देऊन टाकला होता. सासूबाईंच्या हृदयविकारासाठी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दर महिन्याला जावे लागते, आणि साखळीहून त्यासाठी पहाटे निघावे लागते. मुलीला पुढच्या वर्षी पणजीच्याच महाविद्यालयात जायचे आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र साखळीची विहीर जिंकली. पणजीला पाणी येते ते खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याचे नळ कित्येक दिवस कोरडे होते आणि आम्ही कार्यालयात बाटल्या मोजून पाणी पीत होतो.

एक गोष्ट मला अधिक टोचत होती, आणि ती हिशेबात मांडता येत नव्हती. आमच्या घरात आम्ही बोलतो कोकणीत. वाचणे, लिहिणे, पूजा आणि भजन मराठीत. गोव्याबाहेरच्या वाचकांना याचे नवल वाटते, इथे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मी ज्या वर्तमानपत्रासाठी राबते ते सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या तालुक्यांत सकाळी दारोदार वाचले जाते. साखळीच्या बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस मीच दिलेला मथळा वाचून नाक मुरडतो आणि मी गप्प बसते. गेली सतरा वर्षे हेच माझे खरे संपादकीय शिक्षण आहे. पणजीत राहून पणजीतच काम करायचे, तर माझा वाचक मला भेटणार कुठे? मैत्रिणीने यावर सांगितले की महालक्ष्मीच्या देवळापाशी आणि मळ्याच्या मारुतीच्या जत्रेत तो भेटेल. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे.

सासूबाईंचे म्हणणे सर्वांत थोडक्यात होते. ‘‘चवथीला माटोळी कुठल्या घरात बांधायची ते आधी ठरव, मग पणजीचे ठरव.’’ माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट. गणपती मूळ घरीच बसणार, यात वाद नव्हता. त्यामुळे त्या विठ्ठलापूर सोडणार नाहीत हेही त्याच वाक्यात ठरून गेले. नवऱ्याचे गॅरेजही जागेवरून हलणारे नाही. सगळे कुटुंब हलवायचे की नाही, असा जो प्रश्न मी सहा महिने घेऊन फिरत होते, तो मुळातच चुकीचा मांडला गेला होता. हलायचे होते फक्त मला, आणि जूनपासून मुलीला.

एवढे लक्षात आल्यावर शोधही बदलला. पर्यटकांना रोजाच्या भाड्याने देता येईल असे घर मी पाहायचेच नाही असे ठरवले आणि रायबंदरकडे वळले. हा भाग पणजी महापालिकेतच येतो, पण मध्ये सुमारे तीन किलोमीटरचा जुना बांध-रस्ता आहे, जो पोर्तुगीजांनी १६३४च्या सुमारास खाडी आणि मिठागरांमधून बांधला. रायबंदरला समुद्रकिनारा नाही आणि कॅसिनोचा धक्का नाही. चोडणला जाणारी फेरीबोट इथून सुटते; पक्षी पाहायला निघालेले काही पर्यटक सकाळी दुर्बिणी घेऊन तिच्यात चढतात आणि पलीकडे जातात, गावात रेंगाळत नाहीत. रात्री एक वाजता स्कूटरवरून तो बांध ओलांडून मी दोनदा पाहिला. दिवे असतात, गळ टाकून बसलेली दोन-चार माणसे असतात, आणि गुरे नसतात.

घर लहान आहे, नदीकडे पाठ करून असलेल्या जुन्या घराचा मागचा भाग, भाडे सतरा हजार. छप्पर कौलारू आहे आणि एका कोपऱ्यात पहिल्याच पावसात गळेल अशी मला दाट शंका आहे. नवरा म्हणतो, गळेलच. घरमालकीण वयाने सत्तरीच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही मुलगे परदेशात आहेत. त्यांनी आमची नोकरी विचारली, रात्रीच्या वेळा ऐकून घेतल्या आणि नंतर बराच वेळ कचऱ्याविषयी बोलत राहिल्या. ओला कचरा कुठल्या डब्यात, काच आणि प्लॅस्टिक वेगळे का बांधायचे, गाडी साधारण किती वाजता येते आणि सकाळी मी झोपलेली असेन तर डबे बाहेर कोण ठेवणार, हे सारे त्यांना सही होण्याआधी निश्चित करून हवे होते. एवढ्या घरांच्या शोधात हा विषय दुसऱ्या कोणी काढला नव्हता.

डबे मुलगी ठेवणार असे ठरले. करार अकरा महिन्यांचा आहे, १ जूनपासून. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते, तेव्हा सोमवारी शेवटचे पान सोडून रायबंदरला झोपायचे आणि मंगळवारी सकाळच्या बसने साखळीला जायचे. खिडकीशी जागा मिळाली तर आदल्या रात्रीचा माझाच मथळा शेजारी कोणीतरी वाचत असेल.