पाच गोळ्यांची सरासरी

पाच गोळ्या झाडायच्या, यंत्रावरचे आकडे बघायचे आणि ही काडतुसं चांगली, ती वाईट, असं ठरवून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. शूटिंग रेंजवर शेजारच्या टेबलांवर हेच चाललेलं दिसतं. रडार क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं रडारचं यंत्र, आल्यापासून तर जास्तच, कारण आता वेग मोजणं फार सोपं झालंय. मोजणं सोपं झालं तरी आकड्याचा अर्थ लावणं सोपं झालेलं नाही. गुणवत्ता नियंत्रण हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हे बघून मला गप्प बसवत नाही.

मी कोल्हापूरची. एनसीसीत असताना पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीची, रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न यात तो नाद सुटला तो सुटलाच. फिनिक्सला आल्यावर, ग्रीन कार्ड हातात पडल्यानंतर, मी बोल्ट ॲक्शनची, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायची, सीझी ४५७ रायफल घेतली, तीही पॉइंट टू टूच. शहराच्या उत्तरेला केअरफ्री हायवेवर बेन एव्हरी नावाची मोठी रेंज आहे, ॲरिझोना राज्याचं गेम अँड फिश खातं ती चालवतं. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, म्हणून जायचं ते सकाळी लवकर.

माझ्या टेबलावर रायफलशेजारी तळहातात मावेल एवढी डबी असते, गार्मिन झेरो सी१ प्रो. २०२३च्या अखेरीस हे यंत्र बाजारात आलं. किंमत सुमारे ६०० डॉलर, म्हणजे माझ्या रायफलच्या किमतीच्या जवळ जाणारी. पण त्याआधीची साधनं मी इतरांकडे पाहिली आहेत, त्यामुळे हा खर्च मला खटकला नाही. जुन्या क्रोनोग्राफमध्ये गोळी दोन प्रकाशसंवेदकांच्या वरून न्यावी लागायची. पहिल्यावर सावली पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. ढग आले, ऊन तिरकं झालं, की आकडे बिघडायचे. शिवाय यंत्र नळीच्या पुढे मांडावं लागे, आणि नेम जरासा खाली गेला की यंत्रालाच गोळी लागायची. नळीला बांधायचं चुंबकीय साधनही मिळतं, पण नळीच्या टोकाला वजन बांधलं की तिची थरथर बदलते आणि गोळ्या वेगळ्याच जागी लागू लागतात. मग वेग कळतो, नेम मात्र कळत नाही. रडारची डबी नळीच्या तोंडापासून वीतभर बाजूला, जराशी मागे ठेवली की झालं. ती ना गोळीला शिवते, ना रायफलला.

हे यंत्र घेतल्यावर फोनवर आण्णांना सांगितलं. आण्णा कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचा पहिला प्रश्न आला, "अगं पण लाकडाचा ठोकळा कुठाय?"

अकरावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाने तो ठोकळा सोडवलेला आहे. दोरीने टांगलेल्या ठोकळ्यात गोळी घुसते, ठोकळा झोका घेऊन वर जातो, तर गोळीचा वेग काढा. आम्ही ते गणित पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. प्रत्यक्षात तीच जगातली गोळीचा वेग मोजायची पहिली भरवशाची रीत होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या तोफशास्त्रावरच्या पुस्तकात ती मांडली आणि गोळी नळीतून किती वेगाने निघते, हे अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येऊ लागलं. गोळीला हवेचा विरोध किती प्रचंड असतो, हेही त्यातूनच उघड झालं.

"आण्णा, तुम्हीच सांगा, दोन किलोचा ठोकळा माझ्या गोळीने किती वर जाईल?"

त्यांनी वजन आणि वेग विचारला. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.५९ ग्रॅम; वेग सेकंदाला ३२५ मीटर. फोनवर कागदाची खसखस ऐकू आली आणि उत्तर आलं, "नऊ मिलिमीटर. एवढंसं मोजायला डोळे पाहिजेत गं. रॉबिन्स खरा माणूस." मग म्हणाले, "आता तुझी डबी कसं करते ते सांग."

डबी गोळीच्या दिशेने रेडिओलहरी सोडते, २४ गिगाहर्ट्झच्या. अशी एक लहर साडेबारा मिलिमीटर लांबीची असते. दूर पळणाऱ्या गोळीच्या बुडावर आपटून ती परत येते तेव्हा तिची वारंवारता किंचित उतरलेली असते, १८४२ साली डॉप्लरने सांगितलं त्याप्रमाणे. ३२५ मीटरच्या वेगाला हा उतार सेकंदाला सुमारे ५२ हजार कंपनांचा येतो. चोवीस अब्जांपुढे ५२ हजार म्हणजे काहीच नाही. पण गेलेली आणि आलेली लहर एकमेकींत मिसळली की उरतो तो नेमका हा फरकच, आणि ५२ हजार मोजणं आजच्या चिपला अगदी सोपं. वेग एक मीटरने बदलला की १६० कंपनं बदलतात.

"म्हणजे बीट्स, दोन लहरी मिसळून होणारे चढउतार, मोजायच्या म्हण की!" आण्णा इतके खूश झाले की पुढची दहा मिनिटं तेच बोलत होते.

त्यांनी एक शंका काढली, ती फार नेमकी होती. डबी गोळीच्या रेषेत नाही, बाजूला आहे. मग तिला गोळीचा पूर्ण वेग दिसणारच नाही, तिच्यापासून दूर जाण्याचा भाग तेवढा दिसेल. बरोबर आहे. डबी २० सेंटिमीटर बाजूला असली तर गोळी दोन मीटर पुढे असताना वेग अर्ध्या टक्क्याने कमी दिसतो, म्हणजे दीड मीटरहून जास्त. तीच गोळी पाच मीटरवर पोचली की हा फरक पाव मीटरवर येतो. म्हणून यंत्र एका क्षणाचं माप घेत नाही. काही अंतर गोळीचा माग ठेवतं, हवेत तिचा वेग कसा उतरतोय ते बघतं आणि त्यावरून नळीच्या तोंडाशी किती असेल ते मागे जाऊन काढतं. पडद्यावर दिसतो तो हा काढलेला आकडा.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

पॉइंट टू टूचं काडतूस घरी भरता येत नाही, कारखान्यातून जसं येईल तसं वापरायचं. त्यात दारू असते जेमतेम एक दशांश ग्रॅमच्या आसपास, आणि ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या कडेत आतून पसरलेलं असतं. ते कुठे जाड, कुठे पातळ पसरलं की प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. ५० मीटरवर पोचायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एखादी गोळी दहा मीटरने मंद निघाली तर ती आणखी सात-साडेसात मिलिमीटर खाली लागते. ऑलिंपिकच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ किती असतं? व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणजे मधोमध जाणारी गोळी केवळ मंद निघाली म्हणून दहाच्या कडेवर ढकलली जाते. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं. ते मी इथे मध्यरात्रीनंतर जागून पाहिलं. कांबळवाडीचा, आमच्या जिल्ह्याचा पोरगा, एकूण ४५१.४ गुण. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून माणूस इतकं काही सांभाळत असतो. त्याच्या काडतुसाने तरी त्याला दगा देऊ नये, असं मला तेव्हा फार तीव्रतेने वाटलं.

म्हणून सरासरी वेगाला मी फारसं महत्त्व देत नाही. सरासरी ३२० असली काय आणि ३३० असली काय, नेमाची दुर्बीण दोन टिचक्या फिरवली की भागतं. महत्त्वाचं ते, एक गोळी दुसरीपासून किती वेगळी जाते. आणि नेमकं हेच पाच गोळ्यांत कळत नाही.

एकदा शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते, यंत्र माझ्यासारखंच. पाच गोळ्या झाडून त्यांनी मोठ्या आनंदाने पडदा माझ्याकडे वळवला. प्रमाण विचलन, म्हणजे गोळ्यांचे वेग सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप, १.८ मीटर. "याच डब्याचा सगळा साठा उचलतोय," म्हणाले. मी म्हटलं, तेच खोकं पुढे चालू ठेवा ना, थांबू नका. पाच गोळ्यांवरून विचलन १.८ आलं तर खरं विचलन १.१पासून ५.२पर्यंत कुठेही असू शकतं. पंचाण्णव टक्के खात्रीने एवढंच सांगता येतं. एक आकडा जागतिक स्पर्धेच्या लायकीचा, दुसरा डबे रचून मारायच्या लायकीचा. दहा गोळ्या झाडल्या तरी वरची मर्यादा जवळपास दुपटीवर राहते. तीसवर गेलात की मग सुमारे वीस टक्के खाली आणि पस्तीस टक्के वर, एवढ्यावर येतं. कारखान्यात पाच नमुने बघून कुणी अख्ख्या मालाला शिक्का मारला तर त्याला आम्ही कामावर ठेवणार नाही. मग इथे का चालवून घ्यायचं?

त्यांनी ऐकलं, हे मला फार आवडलं. खोकं संपेपर्यंत झाडत राहिले. पन्नासाच्या शेवटी विचलन ३ मीटरच्या थोडं वर गेलं. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतला फरक, जो आधी साडेचार होता, तो १४वर पोचला. हा फरक तर गोळ्या वाढल्या की वाढतच जातो, तो काडतुसांचा दोष नव्हे. पाच गोळ्यांत तो विचलनाच्या सव्वादोन-अडीच पट येतो, पन्नासांत साडेचार पट. कुणी पाच गोळ्यांचा फरक सांगतो, कुणी वीस गोळ्यांचा, आणि दोघे वाद घालत बसतात. त्या वादाला काही अर्थ नाही. शिवाय ३ मीटरचं विचलन पॉइंट टू टूला चांगलंच आहे. मी स्वस्तातली मोठ्या डब्याची काडतुसं मोजली तेव्हा ते साडेसहाच्या आसपास आलं होतं.

मी स्वतः एका कागदावर पुष्कळ छोटी टार्गेटं असलेला तक्ता लावते आणि एका टार्गेटवर एकच गोळी मारते. त्यामुळे कुठलं भोक कुठल्या वेगाचं ते नंतर जुळवता येतं. कागद आणायला जायचं तर सीझफायरची वाट बघायची. रेंज ऑफिसरने हाक दिली की बोल्ट उघडा, चेंबरमध्ये झेंडी, सगळे रेषेच्या मागे, आणि टेबलाला कुणी हात लावायचा नाही. आकडे तोवर शॉटव्ह्यू ॲपमधून फोनवर आलेले असतात, ते मी मागे उभी राहून वाचते. सुरुवातीच्या काही गोळ्या मी हिशेबात धरत नाही. काडतुसं बदलली की नळीत आधीच्या गोळ्यांवरचं मेण चिकटलेलं असतं, नव्या मेणाचा थर बसेपर्यंत वेग स्थिर होत नाही.

या तक्त्यांतून एक गोष्ट हाती लागली आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. मंद गोळ्या खाली लागतात हे खरं, पण गणित सांगतं तेवढ्या खाली माझ्या रायफलमध्ये लागत नाहीत. गोळी नळीतून जाताना नळीचं टोक वरखाली हलत असतं. मंद गोळी उशिरा बाहेर पडते, आणि त्या क्षणी टोक वर चढत असेल तर तिला जरा वरची दिशा मिळते, तोटा काही अंशी भरून निघतो. एका रायफलला हे जमतं, दुसरीला त्याच काडतुसांनी जमत नाही. म्हणून वेगाचे आकडे कितीही सुंदर असले तरी शेवटचा कौल कागदाचाच. आमच्या फिनिक्सजवळच्या मेसा गावात काडतुसं बनवणाऱ्या लापुआ कंपनीचं चाचणी केंद्र आहे. तिथे आपली रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या मालाच्या, गोळ्या ५० आणि १०० मीटरवर झाडतात आणि ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका किती पसरला ते, मोजतात. नेमबाज लॉट निवडतात ते त्यावरून. मीही तिथे जाणार आहे, आणि माझे वेगाचे आकडे त्यांच्या ग्रुपशेजारी मांडून बघणार आहे.

त्याआधी हिवाळ्यातलं एक काम बाकी आहे. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, दर्जाच्या एका लॉटची काही खोकी मी घरात, थंड जागी, बाजूला ठेवली आहेत. या गोळ्या मुद्दाम आवाजापेक्षा मंद बनवतात, कारण आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावर गोळी डगमगते. पण तो उंबरठा तापमानाबरोबर सरकतो. ४० अंशांना आवाज सेकंदाला ३५५ मीटर जातो, ५ अंशांना ३३४. उन्हाळ्यात माझी सर्वांत वेगवान गोळीही उंबरठ्याच्या बरीच खाली असते. जानेवारीतल्या सकाळी तीच त्याला जाऊन टेकू शकते. थंडीने दारूही जरा मंद जळणार, म्हणजे गोळी आणि उंबरठा दोन्ही खाली सरकणार. कोण जास्त सरकतं, ते त्याच लॉटच्या पन्नास-पन्नास गोळ्यांवर बघायचं आहे. आण्णांनी आकडे मागून ठेवले आहेत, सरासरी नको, प्रत्येक गोळीचा वेगळा पाठव म्हणाले.