एकच जहाज, एकच शत्रू

'सिड मायर्स पायरेट्स!' या समुद्री चाच्यांच्या व्हिडिओ गेमची 2004 ची आवृत्ती मी आजही खेळतो, ती माझ्याच नियमांनी. ताफ्यात एकच जहाज, तेही स्लूप, म्हणजे छोटं, चपळ जहाज. पकडलेली जहाजं पुढच्या बंदरात विकायची. वैर फक्त स्पेनशी. हरलो तरी जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडायचा नाही.

पहिल्या नियमाने खेळच बदलतो. ताफा सर्वांत मंद जहाजाच्या चालीने चालतो, त्यामुळे एखादं गॅलियन, म्हणजे मोठं, जड जहाज, सोबत ठेवलं की कॅरिबियनमध्ये वाऱ्याविरुद्ध पूर्वेकडे जाताना आठवडेच्या आठवडे खर्ची पडतात. इकडे खलाशी लुटीच्या वाट्यासाठी कुरकुरायला लागलेले असतात.

गॅलियनशी लढताना मी समोरासमोर तोफा डागत बसत नाही. वारा जिकडून येतो तिकडे स्लूप काढतो. गॅलियनची चौकोनी शिडं तिथे निकामी होतात, ते वळेपर्यंत मी मागच्या बाजूला पोचलेला असतो. आधी साखळीगोळे मारून शिडं फाडायची, मग जवळ जाऊन छर्रे, म्हणजे डेकवरची माणसं कमी होतात. साधे गोळे मात्र बेताने, जहाज बुडालं तर माल बुडाला! मग भिडायचं आणि कप्तानाशी तलवारबाजी. माझे खलाशी कमी असल्याने ही लढाई लवकर उरकावी लागते, आणि खरी मजा मला इथेच येते.

सेव्हचा नियम सर्वांत कडक आणि माझा सर्वांत लाडका. पकडलो गेलो तर कैदेत महिने जातात, कप्तानाचं वय वाढतं, तलवारीचा हात मंदावतो. म्हणून आता स्पॅनिश युद्धनौका दिसली की आधी वारा कुठून येतोय ते बघतो.