इंग्लंडात गच्ची नाकारली गेली तर

घराच्या मागच्या वाढीव भागाचं सपाट छप्पर तुमचंच असतं, पण कठडा लावून तिथे खुर्च्या मांडायच्या तर प्लॅनिंगची परवानगी लागते. काउन्सिलने (स्थानिक पालिकेने) ती नाकारली, तर पहिल्यांदा निर्णयपत्रावरची तारीख बघा. एका कुटुंबाच्या घराला त्या तारखेपासून 12 आठवडे मिळतात, फ्लॅटला 6 महिने. एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे परवानगीशिवायच्या बांधकामावर काउन्सिलने काढलेला आदेश, आली असेल तर मुदत 28 दिवसांवर येऊ शकते. अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, ऑनलाइन करायचं. फी नाही.

घराच्या अपिलात बोलायची संधी एकदाच मिळते. फॉर्मसोबत जे दिलं तेवढंच, नंतर भर घालता येत नाही. म्हणून काउन्सिलच्या साइटवरचा अधिकाऱ्याचा अहवाल आधी वाचा आणि नकाराच्या प्रत्येक कारणाला नेमकं उत्तर द्या. ‘शेजाऱ्यांची हरकत नाही’ हा मुद्दा फार तग धरत नाही. उद्या तिथे दुसरं कुणी राहायला येईल.

नकाराचं नेहमीचं कारण म्हणजे शेजाऱ्यांकडे डोकावणं. ‘वरच्या खिडकीतूनही दिसतंच की’ हे उत्तर अपुरं पडतं, कारण खिडकीशी माणूस क्षणभर येतो, गच्चीवर तासन्‌तास बसतो. त्यापेक्षा छेदचित्र (उभा काप दाखवणारं रेखाचित्र) द्या: गच्चीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची, समोरच्या खिडकीपर्यंतचं अंतर, ती खिडकी बेडरूमची की जिन्याची.

बिल्डिंग रेग्युलेशन्सप्रमाणे कठडा 1.1 मीटर हवा, पण तेवढ्याने नजर अडत नाही. त्यासाठी साधारण 1.7 ते 1.8 मीटरची धुरकट काच लावतात. आणि इथेच गोची होते. उंच काचेने गच्ची खोक्यासारखी दिसते, शेजारच्या खिडकीचा उजेडही जातो. म्हणजे एक कारण मिटवताना दुसरं उभं राहतं. कडेपासून मागे सरकलेली, लहान गच्ची बरेचदा सोपी पडते. मात्र असा बदल अपिलात सहसा चालत नाही. मूळ नकाशात नसेल तर नवा अर्ज करा. नकारानंतरचा एक फुकट अर्ज 6 डिसेंबर 2023 पासून बंद झालाय, त्यामुळे फी पुन्हा भरावी लागेल.

आसपासच्या गच्च्यांचे फोटो द्यायचे तर अर्ज क्रमांक आणि वर्षही द्या. परवानगीने झालेली गच्ची वेगळी, परवानगी नसताना नुसती वर्षं उलटल्याने कारवाईतून वाचलेली वेगळी.

इन्स्पेक्टर पाहणीला आले की छपरापर्यंत जायची वाट दाखवा, बाजू मांडू नका; ते ऐकणार नाहीत. निर्णय विरोधात गेला तर 6 आठवड्यांत हायकोर्ट आहे, पण तिथे फक्त कायद्याची चूक बघतात. गच्ची बरी की वाईट, हा प्रश्न तिथे निघत नाही.